कुशावर्तावर सोडलेला शर्ट

४ ऑगस्ट, सोमवार
मोबाईलमधला एक माणूस सांगतो, डोक्यातलं वहीत उतरवलं की डोकं साफ होतं. माझ्या डोक्यात सातपूरच्या कंपनीचं तीन वर्षांचं भंगार भरलंय. तीन वर्षं हेल्पर. कानस घ्या, पार्टच्या कडा घासा. किळस आली.
पण १२ तारखेला सीएनसी मशीनवर ऑपरेटरची ट्रायल. सुपरवायझर धनराज साहेबांनी दोनच नावं घेतली. मी आणि माझा रूमपार्टनर कुंदन. कुंदन ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकतो, माझाच साबण वापरतो. तो काय मशीन चालवणार? म्हणजे मीच.

६ ऑगस्ट
कुंदन सुट्टी झाल्यावर मशीनपाशी उभा राहून शिकतो. चमचा. म्हणाला, तू पण ये की भावा. मी म्हटलं, आधी मन, मग मशीन.
पहाटे ध्यानाला बसलो. डोळा लागला. ड्युटी बुडाली. पण झोप शांत लागली.

८ ऑगस्ट
सटाण्याहून आईचा फोन. तिला सांगितलं, अडकल्यासारखं वाटतं. म्हणे, बोलतोस तेवढं काम कर. आईला यातलं कळत नाही.
खानावळीतल्या लंकाबाईंना कळतं. म्हणाल्या, अंगावरचा कपडा तीर्थावर सोड, पनवती तिथंच राहते. मात्र मागं वळून बघू नको.
कंपनीचा तेलकट शर्ट सोडायचा. सगळी पनवती त्यातच आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
दांडी मारून त्र्यंबक. श्रावणी सोमवारची गर्दी, चिखल, शिसारी. कुशावर्तात डुबकी मारली, शर्ट पायरीवर सोडला, बनियनवर निघालो. फुलंवाली मावशी मागून ओरडत होती, ओ दादा, शर्ट राहिला तुमचा! लोकांना दुसऱ्याचं भलं बघवत नाही. वळलो नाही. डोकं एकदम मोकळं.

१२ ऑगस्ट, स. ६.५०
गेटवर. वॉचमन रावजी गेटपास मागतात. पास शर्टच्या खिशात.
रावजींना म्हटलं, तीन वर्षं रोज बघताय मला. म्हणे, मी तुला ओळखतो रे, गेट पासला ओळखतं.

स. ९.१५
साहेबांनी आत घेतलं. ट्रायल संपली होती. कानस जागेवरच होती.

१४ ऑगस्ट
कुंदन ऑपरेटर झाला म्हणून त्र्यंबकला पेढे ठेवून आला. येताना कुशावर्तावर विचारून माझा शर्ट आणला. मावशीनं जपून ठेवला होता. म्हणाली म्हणे, येईल परत, कुठं जातोय.
पास भिजलाय. फोटो गेला, नाव गेलं. खालचं 'हेल्पर' तेवढं स्वच्छ वाचता येतं.