डोंग्याच्या मागे

बाबा, आज मी शाळेत ढकलणं आणि ओढणं शिकवलं. दोन पोरींना टेबलाच्या दोन बाजूंना उभं करून समोरासमोर जोर लावायला सांगितलं. टेबल जागचं हललं नाही. "म्हणजे काम झालंच नाही," मी म्हणाले. "मग मले घाम काऊन आला, बाई?" एकीने विचारलं. ताकद गेली, पण वस्तू सरकली नाही, म्हणून विज्ञान त्याला काम म्हणत नाही, असं सांगितलं खरं, पण डोळ्यांसमोर आपला तलाव होता.

रोज सकाळी मासेमारीचा डोंगा चिखलातून पाण्यात न्यायचा. भाऊ पुढून दोर ओढणार, मी मागून ढकलणार, कारण आपल्यात बाईमाणसानं डोंग्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. मांडीपर्यंतचा चिखल माझ्याच वाट्याला. डोंगा तरंगला की तुम्ही म्हणायचे, "माह्या पोरात बैलाचा जोर आहे." मी मागे पाय धुत उभी. असा जळफळाट व्हायचा माझा की बस.

तुम्ही तुमचं जाळं भावाला देणार होते, त्या सकाळी डोंगा हलेचना. तुम्ही जाळं खांद्यावर टाकून पाण्यात उभे. "अबे, भात खाल्ला का कोंडा?" "लावूनच राह्यलो ना जोर, बाबा," भाऊ रडकुंडीला आला होता. दोराने त्याच्या तळहाताची सालं निघाली. शेवटी तुम्ही दोर हिसकावून घेतला, एक झटका दिला, आणि डोंगा सर्रकन पाण्यात. जाळं घरी येऊन पुन्हा तुमच्याच खुंटीला लागलं. पुढल्या वर्षी भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात गेला.

तुम्ही गेले, तरी अजून तो तळहात दाखवतो. "माहाच जोर कमी पडला," म्हणतो आणि तुमचं बोलणं आठवून डोळे पुसतो. आणि मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटतो, बघा. तुमच्या शिव्या तरी त्याला मिळाल्या. मला तुम्ही कधी रागावलेसुद्धा नाही.

हे पत्र पाठवायचं तर त्यालाच पाठवायला हवं, आणि ते माझ्याच्यानं होत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. त्या सकाळी मी ढकलत नव्हते. चिखलात टाचा रोवून डोंगा मागे ओढत होते. तुम्ही दोर घेतला तेव्हा भिऊन हात सोडले. त्याआधी कितीतरी वेळ मी तशीच ओढत होते, आणि तुम्ही एकदा तरी मागे बघाल म्हणून वाट पाहत होते.