माळ्यावरची दादी

विश्रामबाग, सांगली

प्रिय भाऊ अजमल,

सलाम. तुझा गुडघा आणि कराडचं दुकान, दोन्ही ठीक असावीत. आपल्या घरात ज्यांचं बोलणं कुणी कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, अशा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला लिहिलेलं हे पत्र आहे; तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मुबश्शिराच्या कानाचं यंत्र सुरू झालं. केमोने माझ्या पोरीची गाठ घालवली आणि जाता जाता दोन्ही कान नेले, तेव्हा "जीव वाचला ना, मग कानांचं काय एवढं" म्हणणाऱ्यांना मी म्हसवडच्या लग्नात भर मांडवात सुनावलं होतं (बिर्याणी हुकली, ते वेगळं). वाचवलेल्या पोराला जग अर्धंच का परत द्यायचं? मत आजही तेच आहे. फक्त ऐकू आल्यावर ती काय ऐकेल, हा विचार राहून गेला.

सुरुवातीला सगळे आवाज डब्यातून आल्यासारखे एकसारखे वाटतात, सरावाने वेगळे होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. घरी आल्याच्या संध्याकाळी पोर जिन्याखाली मान वर करून उभी. तुझ्या वहिनीने, तरन्नुमने विचारलं, तर हळूच म्हणाली, "दादी बोलतीया." तरन्नुमच्या हातून परात पडली. आठव, अम्मी गेल्या तेव्हा पोरीला ऐकू येत नव्हतं. तिने दादी कुठंय विचारलं, तर आपण सगळ्यांनी बोट वर केलं. वर आमचा माळा आहे.

आणि माळ्यावर मी सभांच्या भाषणांची तयारी करतो ("आवं, त्या भिंतींची तरी दया येऊ द्या," इति तरन्नुम). आता पोर रोज पायरीवर बसते. न उठणारा श्रोता मला जन्मात पहिल्यांदा मिळाला, पण पाणीप्रश्नावर बोललो तरी तिला ती दादीची गोष्ट वाटते. काल अंधारताना खालून हाक आली, "दादी, जेवलीस?" मी गप्प राहिलो.

तुझा,
चांदसाहेब

ता. क. गप्प राहिलो हे खोटं. "जेवले गं बाळा," असं म्हणालो. आवाज माझा होता. ढब अम्मीची होती, ती कुठून आली मला ठाऊक नाही.

पुन्हा ता. क. आज पोरीने पायरीवर ताट वाढून ठेवलंय. अम्मीने रागावून तुला पाठवलेले आवाजी निरोप तुझ्या फोनात आहेत, तू पुसले नाहीस, मला माहीत आहे. ते घेऊन शुक्रवारी ये. दादीचा खरा आवाज तिला ऐकवू आणि मग बोट न दाखवता, तोंडाने सांगू की दादी वारली.

आणखी एक. हे मी खाली ओसरीवर बसून लिहितोय. वर कुणी नाही. पोर जिन्याखाली मान वर करून ऐकतेय, आणि मधेच "व्हय" म्हणतेय. शुक्रवार राहू दे. फोन घेऊन आजच ये.