संत्र्याच्या पेटीतली माफी

माय, तुझ्या त्या कादंबऱ्यांची मला किळस येते. तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. तू होतीस तोवर हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहिते आहे.

पांढुर्ण्याच्या वखारीत तू संत्री निवडायचीस. मोठं फळ एकीकडे, बारीक एकीकडे, डागी मागे. पेट्यांच्या तळाला अंथरायला मालक रद्दी आणायचा आणि त्या रद्दीत फाटक्या प्रेमकादंबऱ्या निघायच्या. पुठ्ठा नाही, सुरुवात नाही, शेवट तर नाहीच. शेवटची पानं आधीच संत्र्यांखाली दबून परगावी गेलेली. वाचता येणारी तू एकटी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बायांना मधलंच वाचून दाखवायचीस. मी शाळेतून येऊन रिकाम्या पेटीवर बसलेली आहे. एका कादंबरीच्या मधल्या पानांत डॉक्टर नर्सच्या कानफटात मारतो, तिला खोलीत कोंडतो, तिला नोकरी सोडायला लावतो. "मंग काय झालं वं?" बाया विचारतात. पुढचं पान हातात नसताना तू जराही न अडखळता सांगतेस, "शेवटी माफी मांगते तो. पाय धरते तिचे." बायांचा जीव भांड्यात पडतो आणि त्या पुन्हा फळांना लागतात. बाबांनी तुझी कधी माफी मागितल्याचं मी पाहिलं नाही. तुला ते शेवट कुठून सुचायचे, हे कळायला मला फार वेळ लागला.

मग मी सौंसरला टायपिंग शिकायला जाऊ लागले आणि एक जण माझ्या मागे लागला. बसमध्ये मागच्या सीटवर बसायचा, ड्रायव्हरला स्वतःची कॅसेट द्यायचा. काय ती गाणी! गाण्यातला तो वाट अडवतो, ओढणी ओढतो, ती चिडते, आणि तिसऱ्या कडव्याला ती त्याच्याच गळ्यात. नाही म्हणणारी मुलगी दोन कडव्यांत कशी काय बदलली, हे विचारायची अक्कल लिहिणाऱ्याला नाही, गाणाऱ्याला नाही, आणि मान डोलावणाऱ्या अख्ख्या बसला नाही. एका शनिवारी आपण जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो, तर तो तिथेही नारळ घेऊन हजर. मी तुला म्हटलं की मला याची भीती वाटते. तू मलाच रागावलीस. "एवढा मांगं फिरून राहिला म्हणजे जीव लावते तो. मानूस पाह्यजे तं असा." आणि आपली पिशवी त्याच्या हातात दिलीस. वर्षभरात त्याच्याशीच माझं लग्न झालं.

त्यानं माझं टायपिंग पहिल्याच महिन्यात बंद केलं. त्यानं ताट भिरकावलं की मी वाट पाहायची. तू सांगितलेलं पान आता येईल, उद्या येईल. पुढे बऱ्याच वर्षांनी शाळेच्या ऑफिसात कामाला लागले, तेव्हा तिथल्या रद्दीत तीच नर्स-डॉक्टरची कादंबरी मला अख्खी सापडली. उभ्यानंच शेवट वाचला. माफीचं एक अक्षर नाही, माय. तीच रडत रडत स्वतःची चूक कबूल करते आणि तो मोठ्या मनानं तिला जवळ घेतो. माझ्या लेकीच्या कॉलेजात एक बाई या पुस्तकांवर आणि गाण्यांवर भाषण देऊन गेल्या. बरंच काही मोठं मोठं बोलल्या म्हणे. मला ते ऐकायची गरज नव्हती.

आता लेकीच्या मागे एक पोरगा आहे. फोनवर दिवसभर तसलीच गाणी पाठवतो. फक्त आता त्यांत ढोल जास्त आणि अक्कल आणखी कमी. परवा ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, नाही म्हटलं तं हात कापून घेतो म्हणून राहिला." बाहेरच्या खोलीतून तिच्या बाबांनी, म्हणजे तुझ्या लाडक्या जावयानं, टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "जीव लावते पोरगा." तुझेच शब्द. मी गॅस बंद केला आणि त्याला ऐकू जाईल असं लेकीला म्हटलं, "त्याच्या घरी फोन लावून सांग, पोराकडे पाहा म्हणावं. अन् तू नाही म्हन. असा मानूस कधीच माफी मांगत नाही. म्या शेवट वाचला हाय." तिनं माझ्यासमोरच त्याच्या घरी फोन लावला. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला.

एवढ्यावर मी जिंकले म्हणून कागद मिटला असता. पण लेकीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, तुला तेव्हा खरंच भीती वाटायची का. मी हो म्हटलं. ते खरंच आहे. पण हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून उरलेलं तुला सांगते. ज्या दिवशी तो बसमध्ये नसायचा, त्या दिवशी मी सौंसर येईपर्यंत मागे वळून वळून पाहायची.