वाचनालयाचं आठ पाख्यांचं छप्पर

निपाणी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. त्रिशला हीस महावीरचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाइप करायला माझी बोटं जाड, म्हणून पोस्टाची सेवा. इकडे सगळे खुशाल, तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा कुरकुरतोय.

आता कामाचं. आपल्या वाचनालयाचं मॉडेल तू प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत करत्येस, हे कमिटीला फार आवडलं. शेवटच्या रविवारी देणगीदारांची सभा आहे, तिथं मांडू. फक्त छप्पर सपाट कर. कौलं आणि मधला काचेचा झरोका उतरवून आम्ही स्लॅब टाकतोय, गळतीला सगळे वैतागलेत. ठरावावर सचिव म्हणून माझीच सही व्हायची आहे. तुलाही सोपं जाईल. दाजींना नमस्कार.

तुझा लोभ गृहीत धरणारा,
महावीर

चिकोडी, ७ फेब्रुवारी

ती. अण्णास त्रिशलाचा शि. सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

पत्र वाचलं आणि हातातला चहा गार झाला. सपाट छप्पर मी करणार न्हाय.

सोपं म्हणे! भिंती कुणीही उभ्या करील, जीव काढला तो छपरानं. ठोकळ्यांना काटकोनाशिवाय काही कळत न्हाय आणि आपल्या झरोक्याभोवती आठ उतरती पाखी. बिजागरीचे तुकडे लावून एक पाखं तिरकं केलं की शेजारचं उचकटलंच. परवा सगळं धाडकन आत कोसळलं. हे म्हणाले, सोड आता. मी त्यांच्यावरच खेकसले. सात पाखी बसलीत, आठवंही बसणार.

तुला आठवण करून द्यावी लागतेय याचा मला राग आलाय. शाळेत बाईंनी फळ्याकडं तोंड फिरवलं की माझं शिक्षण तिथंच बंद. जे शिकले ते त्या झरोक्याखाली. तिथं बोलायला बंदी, म्हणून तू समोर बसून नुसते ओठ हलवून धडा सांगायचास आणि वरचा उजेड तुझ्या तोंडावर पडायचा. मला उजेडातच ऐकू येतं, अण्णा. गळतंय तर गळती काढा. वहिनीचा गुडघा कुरकुरतो म्हणून तू काय पाय काढून टाकतोस व्हय?

राग आहे, लोभही आहे. दोन्ही पोचते करते.
त्रिशला

निपाणी, १३ फेब्रुवारी

चि. सौ. त्रिशलास आशीर्वाद.

तुझं पत्र चेअरमनसाहेबांना दाखवलं नाही, हे उपकार समज. माणसं देणग्या स्लॅबला देणार आहेत. छप्पर सपाट झालं नाही तर मॉडेल सभेत ठेवता येणार नाही. लहानपणी ऐकायचीस तसं ऐक.

महावीर

चिकोडी, १८ फेब्रुवारी

ती. अण्णास शि. सा. नमस्कार.

लहानपणी तरी कुठं ऐकत होते मी? आठवं पाखं काल बसलं. शामू रिक्षावाल्याबरोबर मॉडेल पाठवलंय. सोबतच्या डब्यात एक पांढरा चपटा तुकडा आहे, ती तुमची स्लॅब. माझं छप्पर अख्खं उचलून निघतं. पण काढायचंच तर तू स्वतःच्या हातानं काढ, दुसऱ्या कुणाला लावू नकोस. आणि स्लॅब बसवलीस की दारातनं आत बघ.

लोभ काही ठरावानं रद्द होत नाही.
त्रिशला

निपाणी, २४ फेब्रुवारी

चि. सौ. त्रिशला, पोरी, तुला अनेक आशीर्वाद.

काल सगळ्यांदेखत तुझं छप्पर मी माझ्या हातानं काढलं. स्लॅब बसवली. चेअरमनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. तू लिहिलं होतंस म्हणून वाकून दारातनं बघितलं. टेबल आणि समोरासमोर बसलेल्या दोन बाहुल्या, एवढंच अंधारात कसंबसं कळलं. तोंडं दिसेनात. स्लॅब काढली, तुझं छप्पर परत ठेवलं. झरोक्यातला उजेड नेमका त्या दोघांतल्या पोराच्या तोंडावर! सभेत रडू आलं गं मला, या वयात.

मग ठराव पुढं आला. मी सही केली न्हाय. चेअरमनसाहेब म्हणाले, हा काय पोरखेळ. मी म्हटलं, व्हय, पोरखेळच; गळती काढायचा ठराव आणा, आत्ता सही करतो. लई आरडाओरडा झाला. मला सचिवपदावरनं काढतो म्हणाले. खुशाल काढा म्हटलं.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. दाजींना घेऊन ये आणि झरोक्याखाली माझ्यासमोर बस. ते काय काय बोलतात ते मी तुला ओठांनी सांगतो. उत्तर तू दे. तुझा आवाज तसाही बाजारपेठेपर्यंत जातोय.

तुझ्या लोभाला आता तरी पात्र,
अण्णा

ता. क. वाचनालयातली ‘शांतता राखा’ ही पाटी मी आज सकाळीच उतरवून ठेवलीय.