मण्यांसाठी उभा माग

प्रिय सोनिया,

आप्पांचं पत्र बघून दचकली असशील. घाबरू नको, घरात सगळं ठीक आहे. आईची तब्येत ठणठणीत, आणि गुडघे सोडले तर माझीही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला तुझ्याशी बोलताच येत नाही. 'जेवलीस का' आणि 'तिकडं पाऊस हाय का' एवढं झालं की माझी गाडी अडते, आणि तू म्हणतेस, आईकडं द्या. म्हणून आज वहीची चार पानं फाडून ओसरीवर बसलोय. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

विषय तुझ्या मागाचा आहे. गेल्या महिन्यात तू आईला फोनवर सांगत होतीस, की हातातला मण्यांचा माग आता पुरत नाही. मेढा गावच्या बायकांना शिकवायचं, लांब पट्टे करायचे, तर मोठाच घ्यावा लागेल. तीन प्रकार बघितलेत, एक तारेच्या चौकटीचा, एक दोन्ही टोकांना रूळ असलेला आडवा आणि एक उभा, पण कुठला घ्यावा ते ठरत नाही. आई म्हणाली, अगं आप्पांना विचार की, त्यांची हयात मागावर गेली. त्यावर तू म्हणालीस, 'आप्पास्नी ह्यात घिऊ नगंस, आई.' बाळा, तुझ्या आईचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी समोरच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो.

राग आला. खोटं कशाला सांगू, लय राग आला. चाळीस वर्षं घोंगडी विणली. आटपाडीच्या बाजारात माणसं नुसता हात फिरवून सांगायची की हे जोतीरामचं घोंगडं. आणि माझीच लेक म्हणते आप्पांना यात घेऊ नको! दोन दिवस मी शेंगांवरच राग काढला. तिसऱ्या दिवशी ठरवलं, सोनियाचा माग मीच निवडणार, आणि असा निवडणार की तिला नाही म्हणता येऊ नये. ठरवलं खरं, पण तू तो माझ्या हातून घेशील का, याची धाकधूक तेव्हापासून लागली ती आज लिहितानाही आहे.

मण्यांचं काम मी कधी बघितलं नव्हतं. आपल्या राजारामची सून साक्षी, शाळेत शिकवते ती, हौसेनं कानातली करते. तिच्याकडं तारेचा छोटा माग आहे. तिच्या अंगणात जाऊन बसलो आणि म्हटलं, बाई, मला शिकव. तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग तिनं दाखवलं. उभे धागे ताणून घ्यायचे, सुईत मणी ओवून ती ओळ धाग्यांच्या खालनं न्यायची, बोटानं वर दाबायची, म्हणजे दोन धाग्यांच्या मध्ये एकेक मणी येऊन बसतो. मग सुई धाग्यांच्या वरनं, त्याच मण्यांतनं परत आणायची. बघता बघता मी मान हलवली. म्हटलं, उभा ताणा तोच, फक्त आडव्या बाण्याला मणी लागलेत. तारेची चौकट मात्र मी एका नजरेत बाद केली. सहा-सात ओळी झाल्या की तार आत वाकते, ताणा सैल पडतो, आणि सैल ताण्यावर मणी वेडेवाकडे बसतात. हे कळायला मला साक्षीला काही विचारावं लागलं नाही, एवढं माझं मोठेपण मला लिहू दे.

राहिले दोन. आता माग म्हटला की तो आडवाच, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. आपला माग आडवा, माझ्या बापाचा आडवा. मी गुंडा सुताराकडं गेलो आणि त्याला रुळांचा आडवा माग करायला लावला. सागवानाचे तुकडे, दोन रूळ, रूळ आवळायला खुंट्या आणि धागे अंतरावर बसायला बारीक खाचांच्या पट्ट्या. आठ दिवस त्याच्या डोक्यावर बसलो. खाच वाकडी गेली की त्याला नवी पट्टी करायला लावायची. शेवटी तो म्हणाला, 'आप्पा, आता घरला जावा, न्हाईतर ह्यो माग तुमीच करा.' पण काम देखणं झालं. घरी आणून मी ताणा लावला. पंधरा धागे, सगळे एका ताणात. बोटानं छेडले तर सगळ्यांचा आवाज एक.

आणि मग जे केलं ते ऐकून हसशील. हसलीस तर मला बरंच वाटेल. ताणा लावला की खळ लावायची, ही माझ्या हाताची सवय. चाळीस वर्षं चिंचोके भाजले, दळले, शिजवले आणि लोकरीच्या ताण्यावर कुंच्यानं ती खळ चोपडली, कारण खळीशिवाय लोकर पिंजारते आणि धागा तुटतो. मी तुझ्या मण्यांच्या ताण्यालाही खळ लावली! चांगली दाट शिजवलेली. उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी साक्षीला मोठ्या ऐटीत बोलावलं. तिनं मणी ओवून ओळ खालनं नेली, दाबली, तर एकही मणी वर येईना. शेजारशेजारचे धागे एकमेकांना चिकटून पापडासारखे कडक झालेले. ती बिचारी सुईच्या टोकानं एकेक धागा सोडवायला लागली. तुझी आई मात्र चुलीपुढनं उठून आली, बोट लावून बघितलं आणि हसून हसून खालीच बसली. म्हणाली, 'खळ लावलीसा, आता इस्त्री बी करा.' दुसऱ्या दिवशी मागाखालनं मुंग्यांची रांग लागली. सगळा ताणा कापून टाकला आणि माग धुऊन पुसून ठेवला.

साक्षीनं नवा ताणा लावला. या वेळी मी फक्त बघत होतो. बघायला बसलो म्हणून एक गोष्ट दिसली, जी करायला बसलो असतो तर दिसली नसती. आडव्या मागावर बारीक मणी बघायला तिला सारखं वाकावं लागत होतं. अर्ध्या तासात तिनं तीनदा मान चोळली. तेव्हा तुझ्या आईनं सांगितलेलं आठवलं, की तुझी मान अवघडते, जावई इंद्रजितराव संध्याकाळी तेल चोळून देतात. मी स्वतः चाळीस वर्षं वाकून बसलो, माझी पाठ आता सरळ होत नाही, आणि तरी पोरीसाठी आडवाच माग करायला निघालो होतो. कुणाला विचारावं असं मला वाटलंच नाही. तो आडवा माग मी साक्षीला देऊन टाकला. गुंडाकडं परत गेलो, त्यानं कपाळाला हात लावला. पण या खेपेला उभा केला. बसल्यावर काम डोळ्यांसमोर येतं, मान ताठ राहते. रूळ वर एक, खाली एक, त्यामुळं पट्टा हवा तेवढा लांब कर, विणलेलं गुंडाळत जायचं. उंची खुंटीनं कमीजास्त होते. पाया रुंद घेतलाय, हलत नाही. ताणा लावलेला नाही. तो तुझा तू लाव.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते लिहितो. तू तेरा वर्षांची होतीस. मी घोंगडी घेऊन खरसुंडीच्या यात्रेला गेलो होतो. आपल्याकडं बायांनी लोकर पिंजायची, सूत काढायचं, खळ शिजवायची, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचं नाही. माझ्या आईनं पाळलं, तुझ्या आईनं पाळलं. मी परत आलो तर तू मागावर बसलेली. वीतभर विणलं होतंस. मी म्हणालो, 'काठ वाकडा आलाय. तुझ्या हाताला इणकाम न्हाई.' आणि तुझ्यादेखत ते सगळं उसवलं. तू रडली नाहीस. उसवलेल्या सुताचा गोळा करून माझ्यापुढं ठेवलास आणि पुन्हा त्या खोलीत पाय टाकला नाहीस. पुढं साताऱ्याला जाऊन तू मणी विणायला शिकलीस तेव्हा मी म्हणालो, पोरखेळ आहे. फोनवर तू मला यात घेऊ नको म्हणालीस त्याचं कारण मला माहीत आहे, बाळा. राग येण्याआधीच माहीत होतं.

त्या साली मी रविराजला शिकवत होतो. तुझ्या भावाचा हात काही केल्या बसत नव्हता. त्याचा काठ रोज नागमोडी यायचा, आणि तू न शिकवता, नुसतं दारातनं बघून विणलं होतंस. पोराच्या आधी पोरीला आलं, हे मला सोसलं नाही. रविराज आता सांगलीत टेम्पो चालवतो आणि सुखात आहे, आपल्या घरात विणणारी तू एकटीच उरलीस. माग तयार आहे. हवा असला तर न्यायला ये, नको असला तर तसं सांग, मी रुसणार नाही. पण हे सांगितल्याशिवाय तो कुठल्या तोंडानं तुझ्या दारात पाठवू, म्हणून हे पत्र. मी तुला खोटं सांगितलं होतं, सोनिया. काठ सरळ होता. उसवायच्या आधी मी दोरी लावून बघितलं होतं.

तुझाच,
आप्पा