बराखीतली पुस्तकं

२३ सप्टें. मंगळ.
रात्री ओढा वाचनालयात शिरला. खालच्या फळ्या पाण्यात. सून रूपाली तिथली पुस्तकं सांभाळती. सरपंच बाळू, माझा पुतण्या, नाकाला रुमाल लावून म्हणला, "काकी, लगदा झालाय. शुक्रवारी ट्रॅक्टर लावतो, टाकू खाणीत." म्हणलं, "तुझं डोकं बी टाक ट्रालीत, जागा हाय."
माझं पुस्तक बी भिजलं. चौथी शिकलेली मी, एका पानाला सकाळ जाती. गोष्टीतली म्हातारी घर सोडायला दारात उभी, तिथवर आले व्हते. पुढची पानं चिकटली.

२४ बुध.
गच्चीवर उन्हात पसरली, पापडावानी. दुपारपत्तोर पुठ्ठे वाकडे. रूपाली रडकुंडीला. पुण्याला तिला पुस्तकांचं काम शिकवलेल्या बाईंनी फोनवर झापलं. ऊन न्हाई, सावली आन वारा. चिकटलेलं ओढायचं न्हाई. चकचकीत कागदाची गोठवा, बुरशी थांबती.
सावली आन वारा म्हंजी आमची कांद्याची बराख, चारी अंगाला फटी. पण तीत कांदा. भाव येईल म्हणून ठेवलेला.

२५ गुरु.
कांदा अंगणात काढला. ल्योक म्हणला, "आये, पाऊस आला तर?"
"आला तर भिजंल. पाटी उचल."
वर ताडपत्री. बराखीत सुतळ्या ताणल्या, पातळ पुस्तकं त्यावर. जाडी उभी, पानं फाकवून. चकचकीत कागदाची रशीदभाईच्या कुल्फीच्या फ्रीजरात.
त्यो म्हणला, "आजी, गिऱ्हाइकानं कुल्फी मागितली आन हातात इतिहास आला तर?"
"पिस्ता लावून दे."

२६ शुक्र.
ट्रॅक्टर आला. बाळूला बराखीत उभा केला. म्हणलं, घे वास.
"कांद्याचा येतोय."
"लगद्याचा येतोय का?"
रुमाल खिशात घातला. मग म्हणला, सोमवारी बघतो. वाळली तर ऱ्हातील. ट्रॅक्टर रिकामा गेला.
रूपालीला बजावलं, हितून पुढं खालची फळी मोकळी. पुस्तकं कमरेच्या वर. ओढा काय एकदाच येत न्हाई.

२८ रवि.
पानं उलटून हात दुखले. लई वाळली, समदी न्हाई.
आणे गावच्या पठारावर आभाळ काळं. ताडपत्री एकच. कांद्यावरची सोडली, बराखीच्या पावसाच्या अंगाला बांधली. ल्योक कांद्याकडं बघत ऱ्हायला. रूपालीनं दुसरं टोक धरलं.
माझं पुस्तक चिकटलेलंच. ओढलं न्हाई. म्हातारी दारातच उभी. ऱ्हाऊ दे, उद्याचं उद्या.
थेंब आले.