वहीतले चार तास

कोल्हापूर,
८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

चि. ऐश्वर्या,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पर्युषण पर्व पार पडलं, आज सकाळी बस्तीत दर्शन झाल्यावर सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागत होते. अरुणाकाकूंचा गुडघा बरा आहे. तुझं, लेकीचं नाव काढल्याशिवाय त्या पाणीही पीत नाहीत. बस्तीच्या पायरीवर दहा बायकांत म्हणाल्या, "आमची ऐश्वर्या मेंदूच्या कॅन्सरवर औषध काढालीय. रुचिताबी त्यातच हाय की, हितं कालेजात बाटल्या हलवती." मी हसले. आतून मात्र जळाले.

ही आग जुनी आहे. धनपालकाका मेंदूतल्या गाठीनं आठ महिन्यांत गेले. पुढे तू बेंगळुरूला मोठ्या प्रयोगशाळेत गेलीस, मी इथेच राहिले. औषधाचे रेणू मी बनवायचे, गाठीच्या पेशींवर ते तू तपासायचीस. एकेचाळिसावा रेणू लागू पडला आणि मार्चमध्ये पेपरात फोटो आला तो एकटीचा, तुझा. 'वडिलांसाठी झुंजणारी लेक.' मला रसायनांचा नाद काकांनीच लावला, तेव्हा तू भातुकली खेळत होतीस. मीही त्यांना गमावलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. "जनुक बिघडलेलं नसतं, गप्प केलेलं असतं, आमचं औषध त्याला बोलतं करतं," हे तुझ्या मुलाखतीतलं वाक्यही माझं. शिरोली नाक्यावर तुझ्या बसची वाट बघताना मी ते तुला सांगितलं होतं. तू विसरलीस, मी नाही.

जूनमध्ये तुझा फोन आला. माझी पहिली कुपी संपली होती आणि तुम्ही तिकडे बनवलेला एकेचाळीस काम करेना. "अक्का, तुझ्या हातालाच गुण हाय बघ. पाचदा केलं, पेशींवर कायबी फरक न्हाई." मी म्हटलं, वजनात चुकत असशील. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

हाताला गुण वगैरे काही नाही. गेल्या वर्षी पर्वातच मी तो एकेचाळीस बनवत होते. दुपारी चारला ढवळायला लावला, आठला बंद करायचा होता. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून सहाला घरी आले, जेवून परत जाणार होते. मग बस्तीत प्रवचनाला बसले आणि साफ विसरले. सकाळी आठला धावत गेले तर ते फिरतच होतं. सोळा तास. वहीत एवढा गलथानपणा कसा लिहायचा, म्हणून चार लिहिले; तुम्ही तेच चार पाळताय. तपासणीच्या आलेखात एक बारीकशी जास्तीची टेकडी होती, ती दुसऱ्या कसल्यातरी पदार्थाचा मळ समजून सोडून दिली.

तुझ्या फोननंतर मी गुपचूप पुन्हा सोळा तास ठेवून बघितलं. टेकडी परत आली. गाठीवर काम करतोय तो बहुतेक जास्तीच्या तासांत तयार होणारा हा मळच. हे मला जूनमध्ये कळलं. त्यानंतर तू सात वेळा फोन केलास आणि साती वेळा मी तुला वजन तपासायला सांगितलं.

येत्या सोमवारी तुमच्या बैठकीत एकेचाळीस सोडून देणार आहेत, असं काकू आज म्हणाल्या. म्हणाल्या, "तिचा बा परत एकदा मेल्यासारखं झालंय तिला." मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल.

कुरियरनं वही आणि ताजी कुपी पाठवतेय. तुझ्या पेशींवर चालेलच असं नाही, पण बघ. फोन मुद्दाम केला नाही. तुझा आवाज ऐकून मी परत खोटं बोलले असते.

दरवर्षी आजच्या दिवशी मी तुला मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवते, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर म्हणून. यंदा पाठवलं नाही. वहीतलं नकळत झालं म्हणता येईल, जूननंतरचं नाही. औषध निघालं तर फोटो पुन्हा तुझाच येईल आणि मी पुन्हा जळेन, तेही लिहून ठेवते. तरी सोमवारी वही सगळ्यांसमोर ठेव. सत्तेचाळिसाव्या पानावर चार खोडून सोळा केलेत, शेजारी सही केली आहे. तीच इथे करते.

रुचिता

(अक्का म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.)